सेकंदांच्या जागी शून्य

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, आप्पांना तर न्हायच. मग तुम्हाला का? — तुम्ही मला ओळखत न्हाय, म्हणून असंल. तोंडावर सांगायची छाती माझ्यात नव्हती, एवढं खरं.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. आमच्या आप्पांची उभी हयात सीमाप्रश्नात गेली. मोर्चे, लाठ्या, कोर्टाच्या तारखा. मी कॉम्प्युटर शिकलो आणि निपाणीत एका कंत्राटदाराकडं लागलो. पुरात नदीकाठची घरं पडली, तेव्हा नुकसानीच्या अर्जांबरोबरचे फोटो तपासायचं काम आमच्याकडं आलं. मोबाईलच्या फोटोत तारीख आणि जागा लपलेली असते — जागा म्हणजे अंश, मिनिटं, सेकंद. पायथन ह्या कॉम्प्युटरच्या भाषेतली एक तयार लायब्ररी ते बाहेर काढून देते. मी चार ओळी लिहिल्या आणि ऐटीत बसलो.

काही मोबाईलचे सेकंद अपूर्णांकात यायचे आणि प्रोग्रॅम अडायचा. आमच्या ऑफिसचे साहेब मागं येऊन उभे. मग मी काय केलं? — सेकंदांच्या जागी शून्य टाकलं. तात्पुरतं म्हणून. मग प्रोग्रॅम कसा सुसाट पळाला! आणि ते तात्पुरतं तसंच राहिलं.

सेकंद गाळले की घर नकाशावर दोन-अडीच किलोमीटरपर्यंत सरकतं. बाकीची घरं सरकूनही कर्नाटकातच राहिली, कुणाला पत्ता न्हाय. पण बोरगावच्या अंगाला, अगदी शिवेवर राहणाऱ्या शांताक्काचं घर — गेलं की ओ महाराष्ट्रात! आप्पांच्या सगळ्या मोर्चांना जमलं न्हाय ते माझ्या एका शून्यानं केलं. हसू आलं ना? मलाबी आलं असतं.

शांताक्का म्हणजे तंबाखूच्या वखारीत राबून थकलेली बाई. नवरा गेलेला, घरात बारावीतली एक पोर, सुजाता. अर्ज नामंजूर झाल्याचं कन्नड पत्र घेऊन दोघी आमच्याकडं आल्या. "तू आपला मराठी माणूस, वाचून सांग की रं." मी वाचलं — घर राज्याच्या हद्दीबाहेर. फोटो सुजातानं काढलेला. साहेबांनी मला विचारलं, फोटो खोटा हाय काय? आणि मी — हे लिहिताना हात अडतोय — मी म्हणालो, सिस्टीम चुकत न्हाय साहेब, पोरीनं दुसरीकडं कुठंतरी काढला असंल.

शांताक्का पोरीकडं वळली. "खरं सांग गं, कुणाच्या घराचा काढलीस?" पोर आधी हसली, तिला वाटलं चेष्टा चाललीया. मग रडायला लागली. आईनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. मी स्क्रीनकडं बघत होतो.

तवा मला ठाऊक नव्हतं, एवढं म्हणून सुटलो असतो. पण पोरीचं रडणं काही डोक्यातनं जाईना. मी ती शून्याची ओळ उघडली, पोरीच्या फोटोचे सेकंद हातानं मिळवले. ठिपका बरोब्बर तिच्या पडक्या घरावर येऊन बसला. पोर खरं बोलत होती. फेरअर्जाची मुदत अजून शिल्लक होती आणि साहेब पलीकडच्याच टेबलाला बसले होते. त्या दिवसांत मला कायम करायचं चाललं होतं. मी ओळ गुपचूप दुरुस्त केली, पुढच्यांसाठी. तपासून झालेले फोटो परत उघडलेच न्हाईत. भ्यालो व्हय? भ्यालो. पण नुसतं भ्यालो असंबी न्हाय — माझा प्रोग्रॅम चुकला म्हणण्यापेक्षा ती पोर खोटी ठरलेली मला परवडली.

मुदत संपली. शांताक्का आता भावाच्या पत्र्याच्या शेडात राहते. सुजाता लग्न होऊन उचगावला गेली, आईशी बोलत न्हाय. मी कायम झालो.

शांताक्का निपाणीच्या बाजारात अजून भेटते. आता मला साहेब म्हणते. दर खेपेला हात जोडते — "माझ्याच पोरीनं घात केला, सायेब. तुमास्नी उगंच तरास." मग गाड्यावर नेऊन चहा पाजते. पैसे मला देऊ देत न्हाय.

मी तो चहा पितो.