पत्र्याची रॉकेटं

कराडच्या जत्रेत तो दरवर्षी दिसायचा. छर्‍याच्या बंदुकीनं पाडायची पत्र्याची रॉकेटं तो सायकलचं पायडल मारून फिरवायचा. नवख्यासाठी हळू, नेम चांगला असेल तर जोरात. "गिऱ्हाईक रडायबी नगं आन् माजायबी नगं," म्हणायचा.

एकदा बांगलादेशच्या लढाईत एक हात गमावलेला फौजी आला. त्यानं फळीवर बंदूक टेकवली, तसं यानं पायडल जवळजवळ थांबवलंच. सगळी रॉकेटं पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तिकडं आमच्यासाठी कुणी थांबलं न्हवतं रं," फौजी म्हणाला आणि बक्षिसाचा आरसा न घेताच गेला.

"जिंकिवलं तरी रुसला की वो!" हा मला म्हणाला.

असले बरेच आरसे मीही जिंकलेत. आता त्यांत तोंड बघवत नाही.