इंग्रजी आठाची गाठ

नवरा गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर गेले. बावीस वर्षं हे दारव्ह्याच्या आसपासची झाडं छाटत होते. हे वर, मी खाली दोर धरून. म्हणून भेटेल तो विचारायचा, "झाडावरून पडले काय?" मी सांगायची, "नाही, कावीळ झालती." सांगून सांगून ते वाक्य पाठ झालं होतं.

आर्णीच्या रस्त्याला एका गोठ्यावर चिंचेची फांदी टेकली होती. ते काम ह्यांनी आजारपणाआधी घेतलेलं. धाकटा दीर जीप चालवतो, पण झाडावर चढायला लहानपणापासून चपळ. तो म्हणाला, "वहिनी, मी चढतो. तुमी फक्त दोर धरा." बाजारातून त्यानं नवी, गुळगुळीत नायलॉनची दोरी आणली आणि कमरेला बांधून घेतली.

मी गाठ पाहिली. सुरगाठ होती.

"भाऊजी, सोडा ते."

"काहून? बैल बांधतो ना आपण असाच."

"बैल जमिनीवर उभा रायते. आन् टोक ओढलं का पटकन सुटावी, म्हणून त्याले ते गाठ. माणसाले नाही."

तो गोठ्याच्या मालकाकडे बघून हसला. मी दोर खालच्या फांदीवरून घेतला, बुंध्याला वेढा दिला आणि म्हणाले, "मंग लटकून दाखवा."

त्यानं पाय उचलले. गाठ सरकत सरकत सुटली आणि तो शेणात बसला. मालक पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, रागही नाही.

मग मी बांधली. आधी दोरीत इंग्रजी आठाचा आकडा पाडायचा, टोक कमरेभोवती आणि मांड्यांखालून फिरवायचं, आणि ज्या वाटेनं आकडा गेला त्याच वाटेनं परत आणायचं. नवं नायलॉन सरकतं, म्हणून शेपूट हातभर लांब ठेवायचं. एकेक पदर ओढून घट्ट करायचा. मी बांधत असले की हे दोन्ही हात वर करून मालकाशी बोलत उभे राहत. दिरानंही हात वर केले. आता रडू येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं, तेवढं दिसलं.

तो चढला. फांदी तीन तुकड्यांत खाली आली. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी त्याचा पाय सटकला, दोर ताणला, तो लटकला.

"वहिनी!"

"हाओ, धरलं हाये."

माझी छाती धडधडलीसुद्धा नाही. न धडधडल्याचीच भीती वाटली, पण ती घरी जाताना, जीपमध्ये.

खाली उतरल्यावर त्यानं गाठ सोडली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "मले शिकवा हे." दुसऱ्या दिवशी तो आला नाही, जीपला सवारी होती. तिसऱ्या दिवशी आला. अंगणात बसून दहा वेळा बांधली, सात वेळा चुकला.

आता तो स्वतः बांधतो, मी फक्त हात लावून बघते. रडू बऱ्याच महिन्यांनी आलं, कोणाच्या तरी लग्नात, पंगतीत वरण वाढत असताना. शेजारणीनं पाणी दिलं. मी ते प्याले आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.