पाडव्याला म्हैस अडली तेव्हा

मी तापट आहे, हे घरातले सगळे सांगतात. जर्मनीतल्या दवाखान्यात सात वर्षं नर्स म्हणून काढल्यावर त्यात शहाणपणाच्या माजाची भर पडली, हे मी स्वतः सांगते. तिकडं सगळं वेळेवर आणि नियमानं चालतं. त्यामुळं कोल्हापुरात पाय ठेवला की दिसेल त्याला सुधारायची मला खाज सुटते.

यंदा दिवाळीला सुट्टी मिळाली. घरी बॅग टाकली आणि आधी मुलींच्या अनाथालयात गेले, शहराबाहेर कागलच्या वाटेला आहे ते. नर्सिंगला असताना तीन वर्षं दर रविवारी मी तिथं स्वयंसेविका म्हणून जायची. गणित शिकवायला म्हणून गेले होते, पण उवा काढणं, नखं कापणं आणि भांडणं सोडवणं हेच जास्त केलं. परदेशी निघताना पोरींना सांगितलं होतं, वर्षभरात येतो. सात वर्षं लागली. तिकडं दर दिवाळीला त्या शब्दाची मला लाज वाटायची.

दारातच एक उंच पोरगी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन उभी होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

"आलीस व्हय," एवढंच म्हणाली आणि पाटी टाकायला गेली.

मी गेले तेव्हा ही अकरा वर्षांची होती. माझ्या वर्गातली सगळ्यात चिवट पोरगी. हात धुऊन परत आली, पण जवळ आली नाही. "वर्षभरात येतो म्हणालीस की."

"चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि मला चहाला आत घेऊन गेली. आमच्याकडं राग असा तोंडावर फेकून मोकळं होतात. मला ते बरं वाटतं.

चहा घेताना अधीक्षक बाईंनी सगळं सांगितलं. पोरीला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होणार, म्हणजे नियमानं तिला इथून बाहेर पडावं लागणार. पुण्यात एका वसतिगृहात सोय झाली होती, शिवणकामाचा कोर्सही ठरला होता. पोरीला पुणं नको होतं. तिचा सगळा जीव म्हशीत. मी गेले त्याच वर्षी वारणेकडच्या एका शेतकऱ्यानं एक रोगट रेडी संस्थेला दिली होती. जगणार नाही म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली ती रेडी ह्या पोरीनं जगवली. आता ती म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती.

"पोरगी गेली की म्हैसही विकायची," बाई म्हणाल्या. "आम्ही किती लाथा खायच्या?"

एकच आशा होती. शहरात एका दूध कट्ट्यावर, जिथं लोक म्हशीखालचं ताजं दूध उभ्या उभ्या पितात, तिथं एक म्हातारे गवळी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांची पोरं नोकरीला लागलेली, गोठा बघायला कुणी नाही; सुट्टीत ही पोरगीच तिथं कामाला जायची. पोरीला घरात ठेवून घ्यायला त्यांची बायको तयार होती, पण आबा हट्टी. म्हणाले, "पोरगी राबती, ते बघितलंय. म्हैस तिच्या मागनं येती का, ते पाडव्याला बघतो आणि मग सांगतो."

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही, नुसती हाक. ज्याची म्हैस मागं येत नाही, त्याला वर्षभर कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. पोरीनं सहा महिने संस्थेच्या जुन्या लुनावर बसून सराव केला होता.

मी ती लुना बघितली. सुतळीनं बांधलेलं कॅरिअर, धुराचा लोट. माझं डोकंच फिरलं. "एवढ्या गर्दीत ह्या खटाऱ्यावर जाणार? माझ्या भावाची बुलेट आणतो."

"नको ताई. तिला लुनाचा आवाज ठावं हाय."

"म्हैस हाकेवर येती, गाडीवर न्हाय," मी म्हणाले. जणू जर्मनीत मी म्हशींचाच कोर्स केला होता. पोरीनं लुना बाजूला लावली. सात वर्षांनी आलेल्या पाहुणीला किती विरोध करायचा!

पाडव्याला म्हैस काय दिसत होती! शिंगं लाल रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरं, तेल चोळून अंग चकाकणारं. भावानं हौसेनं बुलेटच्या सायलेन्सरची पुंगळी काढून दिलेली. मी गाडी चालवायला बसले, पोरगी माझ्या मागं म्हशीकडं तोंड करून बसली. किक मारली आणि सगळा रस्ता दणाणला.

म्हशीनं कान टवकारले आणि जागची हललीच नाही. पोरगी हाका मारत होती, पण त्या आवाजात तिची हाक मलासुद्धा ऐकू येत नव्हती. म्हैस वळून गर्दीकडं निघाली.

"पावणं, म्हशीत पेट्रोल घाला की," कुणीतरी ओरडलं आणि लोक फिदीफिदी हसायला लागले. समोर आबा हात मागं बांधून उभे होते. त्यांनी मान फिरवली. ही पोरगी आता पुण्याला जाणार आणि तिला तिकडं धाडणारी मीच, हे मला लख्ख कळलं.

"बंद कर ती," पोरगी म्हणाली.

मी गाडी बंद केली. ती उतरली, चपला काढून माझ्या हातात कोंबल्या, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ पायी पळत सुटली. तिथं पायी कुणी पळत नाही, सगळे गडी गाड्यांवर असतात. "ये बाय, ये," एवढीच हाक. म्हैस थांबली. मान वळवली. मग घुंगरं वाजली आणि ते एवढं थोरलं धूड रस्ता हादरवत तिच्या मागं सुटलं. लोकांनी वाट दिली. शेवटी दोघी खांद्याला खांदा लावून पळत होत्या. शिट्ट्या, हलगी, टोप्या हवेत. मी हातात तिच्या चपला घेऊन भर रस्त्यात रडत होते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

शेवटच्या टोकाला माईकवाला उभा असतो. प्रत्येक म्हशीला, ही अमक्या पेठेतली, तमक्याच्या घरची, असं पुकारतो. मी धापा टाकत पोचले तेव्हा तो माईक बाजूला धरून पोरीला विचारत होता, "कुणाच्या घरची म्हणू?"

पोरीला दम लागला होता. तिनं म्हशीच्या गळ्यात हात टाकला आणि खाली बघत राहिली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतनं आबा पुढं आले.

"आमच्या घरची म्हण."

"आबा, तुमच्या घरच्या सगळ्या मगाशीच झाल्या की."

"एक ऱ्हायली हुती. म्हण."

पोरीनं मान वर केली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "म्हैसबी येणार हाय माझ्यासंगं."

"मग," आबा म्हणाले, "तिला काय पुण्याला धाडतो व्हय?"