तपासणीची बावीस नावं

१६ नोव्हेंबर १९९६ रोजी कतारगाममधल्या एका लहानशा ऑफिसात कॉम्प्युटरने अनुसया भाईदास हिचा पंधरवड्याचा पगार छापला, चारशे सदतीस रुपये पन्नास पैसे. भाईदासने तो हाताने मांडलेल्या हिशोबाशी ताडून पाहिला आणि लाल पेन्सिलने बरोबरची खूण केली. अनुसयाला जाऊन तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती.

ताडून पाहणं हेच त्याचं काम होतं. बी.कॉम. झालेला हा खानदेशी माणूस लिंबायतच्या एका लूमखात्यात एकोणीस वर्षं मेहताजी होता. हजेरी, पगार, उचल, सगळं त्याच्या हातून जायचं. खातं बंद पडलं तेव्हा कतारगामच्या ऑफिसचे मालक योगेंद्रभाई यांनी त्याला बोलावून घेतलं. ते लूमवाल्यांसाठी पगाराचा प्रोग्राम करवून घेत होते. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या जयश्रीने तो लिहायचा आणि भाईदासने तपासायचा. कामगार घालायचे, हजेरी भरायची, तोच हिशोब कागदावर करायचा आणि फरक निघाला की चिठ्ठी लिहून तिच्या टेबलावर ठेवायची.

"कोणाची नावं घालू?" त्याने पहिल्याच दिवशी जयश्रीला विचारलं होतं.

"ए, बी, सी घाला ना काका. कुठे खरा पगार वाटायचाय?"

पण बिननावाच्या माणसाचा पगार काढायची भाईदासला सवय नव्हती. त्याने गावाकडची बावीस नावं घातली. वडील पंडित, शेजारचा सखाराम, शांताबाई. त्यातले बरेचसे आता नव्हते. सखारामला त्याने भरपूर दांड्या मारायला लावल्या. जिवंतपणी तरी तो दुसरं काय करत होता? बायकोला, अनुसयाला, कांड्या भरायचं काम दिलं. ती खरोखरच तेच करायची, आणि तो रात्री वह्या घेऊन बसला की म्हणायची, "आकडा जुळना म्हंजे तुन्हं पोट भरनं." खोलीवर आता त्याच्याशी अहिराणी बोलणारं कोणी नव्हतं. मुलगी अमळनेरला नांदत होती. ऑफिसात मात्र दर पंधरवड्याला बावीस जण ओळीने भेटत.

हळूहळू चिठ्ठीखाली तो बारीक अक्षरात प्रोग्रामची कुठली ओळ चुकली तेही लिहू लागला. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलेला होता त्या फॉक्सप्रोचं पुस्तक जयश्रीने त्याच्यापुढे ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत ती शिकवायची.

"माझ्या पोटावर पाय देणार तुम्ही," ती हसून म्हणायची.

मग तिचं राजकोटला लग्न ठरलं. योगेंद्रभाईंनी भाईदासला बोलावलं.

"इच्छापोरच्या कारखान्याला शुक्रवारी प्रोग्रामची फ्लॉपी द्यायची आहे. आत एकही नाव दिसता कामा नये. नावं पुसायचा प्रोग्राम तुम्ही लिहा, जयश्रीबेन हात लावणार नाही. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणेन. दोन पगार मला झेपायचे नाहीत, काका."

"मी लिहिलेलं तपासणार कोण, शेठ?"

"तुम्हीच."

"करणाऱ्याने तपासायचं नसतं."

"ते मला पाठ झालंय आता," योगेंद्रभाई म्हणाले.

गुरुवारी दुपारी भाईदासच्या चौदा ओळी तयार झाल्या. नाव पुसलं की ते कागदावर छापलं जाईल अशी सोय त्याने केली होती. प्रिंटर खरखरू लागला. पंडित गेले. सखाराम गेला. शांताबाई गेली.

"कोण होती ही सगळी?" जयश्रीने विचारलं.

"गावची."

एकवीस नावं छापून प्रिंटर थांबला. पडद्यावर ओळ आली: अनुसया भाईदास, उचल बाकी आहे, नाव काढता येत नाही.

हा नियम भाईदासच्याच जूनमधल्या चिठ्ठीवरून घातलेला होता. लूमखात्यात माणूस उचल बुडवून गावी गेला की ती मेहताजीच्या पगारातून कापत. उचल नीट कापली जाते का हे तपासायला त्याने प्रोग्राममध्ये अनुसयाला पन्नास रुपये दिले होते. चारपैकी तीन हप्ते फिटले होते.

"उचलीचं कारण, बांगड्या?" जयश्री वाचत म्हणाली. "सोपं आहे, काका. शेवटचा हप्ता जमा दाखवा."

अनुसयाने जिवंतपणी बांगड्या खरोखरच मागितल्या होत्या. तेव्हा तो म्हणाला होता, पुढच्या पंधरवड्याला बघू.

त्याने सगळं फ्लॉपीवर उतरवून घेतलं, फ्लॉपीवर हप्ता जमा केला आणि तिथलं नाव पुसलं. मग तीनदा उघडून पाहिलं. इच्छापोरला कोरा प्रोग्राम गेला.

डिसेंबरात त्याला जयश्रीची खुर्ची मिळाली. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. सकाळभर तो तिथे बसून लिहायचा. दुपारी उठून आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन ते तपासायचा, चूक निघाली की चिठ्ठी लिहायचा आणि परत येऊन ती स्वतःच वाचायचा. तपासणीला नावं घालायची ती ए, बी, सी.

अनुसयाचा पुढचा पगार, ज्यातून शेवटचा हप्ता कापला गेला असता, त्याने काढला नाही. ऑफिसच्या मशीनवर तिच्या नावे साडेबारा रुपये उचल बाकी आहे.