बुळबुळ, बुरशी आणि वन्सं

पाणी आलं होतं त्या सकाळी. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो, आणि मग घरात कुणी मेलं तरी नळाखालची घागर हलायची नाही, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. त्या दिवशी ती चेष्टा खरी झाली. माझा उजवा हात खांद्यापर्यंत निळ्या पिंपात होता, काथ्यानं मी आतली बुळबुळ खरवडत होते, तोंडानं शी शी चालूच होतं, आणि ओट्यावरचा फोन वाजला. दवाखान्यातून आमचे हे बोलत होते. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मी हात बाहेर काढला. बोटांना तो चिकट करडा थर तसाच लागलेला... आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की आज थर फार जाड आहे, वन्संना दाखवायला हवा.

वन्सं म्हणजे ह्यांची ताई, माझी मोठी नणंद, शालिनी. आमचं मूळ घर करकंब गावचं. सोलापुरातल्या एका कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही, आमच्याच घरात, गच्चीवरच्या खोलीत राहायच्या. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी कानात सांगितलं होतं, "थोरली जरा येगळी हाय. ती किडं पाळती." मला वाटलं, रेशमाचे असतील. कसले रेशमाचे! रेशमाचे किडे परवडले असते, निदान डोळ्यांना दिसतात तरी. वन्संनी पाळलेलं सगळं वास यायला लागल्यावर कळायचं. माझा स्वभाव आधीच काटेकोर, म्हणजे स्वच्छतेच्या बाबतीत. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकलं तर मला जेवण जात नाही. अशा बाईच्या नशिबी अशी नणंद. देवाला कधी कधी भलतीच थट्टा सुचते.

पहिली ठिणगी पडली ती माझ्या मसोत्यावरून. मसोतं म्हणजे ओटा पुसायचं फडकं. माझं मसोतं रोज धुतलेलं, पिळलेलं, खुंटीला नीट वाळत घातलेलं. वन्संनी कॉलेजातून एक काचेची चपटी बशी आणली होती, तळाला जेलीसारखं काहीतरी लावलेली. त्यांनी मसोत्याचं टोक हळूच त्या जेलीला टेकवलं, झाकण लावलं आणि बशी वर नेली. दोन दिवसांनी खाली येऊन झाकणाआडून दाखवली. आई गं! पांढरे, पिवळे, चकचकीत ठिपके, एक मोठा केशरी थेंब, आणि कडेला हिरवट काळी लव. वास बंद झाकणातूनही येत होता, भिजलेल्या पोत्यासारखा. मी तोंडाला पदर लावला. वन्संचा चेहरा मात्र बारशाला आल्यासारखा खुललेला. "बघ सुमन, तुझ्या ओट्यावरचं गोकुळ! हे गोल ठिपके जिवाणूंचे. एकेका ठिपक्यात लाखो. एका पेशीचा जीव, ना लग्न ना कार्य. मधोमध दुभंगला की एकाचे दोन. आणि ही लव म्हणजे बुरशी. हिला तोंड नाही, पोट नाही. अन्नावर आधी आपला रस सोडते, ते बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते." मी म्हटलं, "म्हणजे आधी थुंकते आणि मग खाते?" त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अगदी! वर्गात हेच सांगते उद्या." त्या दिवशी मला भाकरी गिळवेना. तेव्हापासून माझं मसोतं रोज उकळत्या पाण्यात जातं. शास्त्र मला कधी कळलं नाही, किळस मात्र पक्की कळली, आणि वन्सं म्हणायच्या की माझ्यासारखीला किळस पुरते.

त्यांच्या तोंडून मी या सगळ्या जमातीची ओळख ऐकली ती अशीच, नाक धरून. विषाणू बशीत उगवत नाही म्हणे. त्याला धड जिवंत म्हणता येत नाही, धड मेलेलाही. जिवाणूपेक्षा कितीतरी लहान. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं आणि तिलाच आपली पिलावळ काढायला जुंपायचं, एवढा एकच उद्योग. मी म्हटलं, "आयत्या बिळावर नागोबा!" हेही त्यांनी वर्गात वापरलं. आमच्या ह्यांना सर्दी झाली की हे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून जंतू मारायच्या गोळ्या आणायचे, दोन घ्यायचे आणि बरं वाटलं की उरलेल्या कपाटात टाकायचे. वन्संचा मग पारा चढायचा. "दिन्या, अरे सर्दी विषाणूची, त्याला ही गोळी ढिम्म करत नाही. आणि अंगातल्या जिवाणूंना मात्र तू अर्धवट मार देऊन पैलवान करतोस!" हे हसायचे. मला हसू यायचं नाही. आपल्या अंगात कुणीतरी पैलवानकी करतंय या विचारानं मला अंघोळ करावीशी वाटायची.

आणि मग पिंप. आमच्या गल्लीची एक रीत आहे, बहुतेक साऱ्या सोलापूरची असेल. नळ यायची चाहूल लागली की पिंपात उरलेलं पाणी 'शिळं झालं' म्हणून बायका पायऱ्यांवर, रस्त्यावर ओतून देतात आणि त्याच पिंपात ताजं भरून घेतात. पाण्यासाठी जीव टाकणारं गाव, आणि पाणी आलं की आधी पाणी ओतून देणार! वन्संनी एकदा रिकाम्या पिंपाच्या आतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर शेंबडासारखं काहीतरी. "पाणी कशाला ओततेस? शिळं पिंप झालंय. हे जिवाणूंनी बांधलेलं घर आहे. भिंतीला चिकटतात, अंगाभोवती हा चिकटा करतात आणि आत सुखानं नांदतात. औषधाचे थेंब टाकलेस तरी आतपर्यंत पोचत नाहीत. घासल्याशिवाय हलायचे नाहीत." त्यांनी त्यातलाच थेंब वर नेऊन आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बळंच बघायला लावलं. चपलेच्या तळव्यासारखा एक जण अंगभर केस हलवत पळत होता, तोंडानं काहीतरी ओढून घेत होता. "हा आदिजीव. याच्या जातीतला एक आव लावतो, पण हा साधा आहे, जिवाणू खाऊन जगतो. आणि ती हिरवी साखळी दिसली? शैवाल. उन्हावर स्वतःचं अन्न स्वतः करतं, कुणाचं उष्टं खात नाही. तुझ्यासारखं सोवळं." मी विचारलं, "हे पाणी मी प्यायले?" "गाळून प्यालीस की," असं म्हणून त्या पोट धरून हसत सुटल्या. मी तडक मोरीत गेले.

एका गोष्टीला मात्र मी कधी नाक मुरडलं नव्हतं. वन्संकडे निळ्या काठाचा चिनी मातीचा सट होता, दह्याचा. त्यातलं विरजण करकंबच्या घरचं, सासूबाईंच्या हातचं. सासूबाई गेल्या तेव्हा वन्संनी दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही, वाटीभर दही घेऊन आल्या. रोज संध्याकाळी कोमट दुधात चमचाभर मुरवायच्या आणि सकाळी सट तिरका करून बघायच्या. दही हललं नाही की साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "लागलं गंऽऽ!" त्या दह्याला एक वेगळाच आंबटपणा होता, जिभेच्या कडेला चिमटा काढणारा. मी आवडीनं खायचे. मग एक दिवस त्या सहज बोलून गेल्या, "यातही जिवाणूच आहेत गं. दुधातली साखर खातात आणि आंबट करून ठेवतात. आईनं पाळलेले, आता मी पाळते. रोज खाऊ घातलं नाही तर मरतील." माझा घास तोंडातच राहिला. पुढे आठवडाभर मी दह्याला शिवले नाही, आणि मग न राहवून शिवले. शेजारच्या नरसम्मा विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी हे दही चाखून विरजण मागितलं तेव्हा वन्सं दिवेलागणीलाच वाटी घेऊन निघाल्या. नरसम्मांनी दारातच हात जोडले, "तिन्हीसांजेला विरजण घेत न्हाईत की वो मॅडम." वन्सं म्हणाल्या, "जिवाणूंना तिन्हीसांज कळत नाही." पण नरसम्मा बधल्या नाहीत. सकाळी येऊन घेऊन गेल्या.

वन्संना साखर होती. नवी चप्पल चावली, टाचेला फोड आला, आणि त्यांनी चक्क दुर्लक्ष केलं... दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्या बाईनं! फोडाची जखम झाली, पाय सुजला, ताप चढला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तात पसरलंय, दोन औषधांना दाद देत नाही, तिसरं सुरू केलंय. आमचे हे तेव्हा खाली मान घालून उभे होते, कपाटातल्या गोळ्या त्यांना आठवत असणार. त्या पायाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी वन्संच्या उशाशी बसले होते आणि मला ओकारी येत होती आणि रडूही. वन्सं तोंडावरचा मास्क बाजूला सारून म्हणाल्या, "तिसऱ्याचंही ऐकायचे नाहीत ते. शहाणे झालेत." मग थोड्या वेळानं, "सुमन, सट बघितलास का आज?" मी म्हटलं, बघितला. "खंड पाडू नकोस." ते आमचं शेवटचं बोलणं. ज्यांना जन्मभर लेकरासारखं कौतुकानं दाखवलं त्यांच्याच जातीनं वन्संना खाल्लं, या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो. कुणावर काढणार? दिसत तरी आहेत का मेले!

पण त्याहून घाणेरडं पुढेच होतं. फोन आला त्याच दुपारी जेऊरहून काकी आल्या, माझ्या चुलत सासूबाई. आम्ही स्मशानातून माणसं परतायची वाट बघत बाहेर बसलो होतो तोवर त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी आत गेले तेव्हा माठ रिकामा, दूध ओतलेलं, आणि निळ्या काठाचा सट घासून ओट्यावर पालथा घातलेला. मोरीत फिनेलचा वास, आणि जाळीवर दह्याचा एक पांढरा गोळा अडकलेला. "सुतक हाय गं, दूधदुभतं समदं टाकून द्यावं लागतंय," काकी म्हणाल्या. मी त्या जाळीकडे बघत राहिले. फिनेल पडलेलं, म्हणजे उचलूनही उपयोग नव्हता, एवढं वन्संनी मला शिकवलं होतं. काकी पदरानं हात पुसत शेजारणीला सांगत होत्या, "लई घाणीत हात घालायची पोरगी. घाणीनंच नेली बग शेवटी." शेजारीण मान हलवत होती. मी जन्मभर किळसेनं जगलेली बाई, पिंपाची, मसोत्याची, सगळ्याची किळस केली. पण त्या क्षणी काकींच्या तोंडाची जेवढी किळस आली तेवढी बुरशीची कधी आली नव्हती. "काकी, चप्पल चावली होती त्यांना," मी म्हटलं. "व्हय की, पन..." असं म्हणून त्या पुन्हा सुरू झाल्या. मी मोरीवर बादलीभर पाणी ओतलं. ताजं पाणी होतं, आजच आलेलं.

सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. दुसऱ्या दिवशी नरसम्मांनी पिठलं, भाकरी, भात आणि वाटीभर दही आणलं. माझी भूक मेली होती. काकींची शाबूत होती. त्यांनी भातावर दही घेतलं, कालवलं, पुन्हा घेतलं. "ग्वाड न्हाई, पन लई झ्याक लागलंय," म्हणाल्या. त्यांच्या आग्रहानं मी बोटभर चाटलं. जिभेच्या कडेला चिमटा बसला. मी नरसम्मांकडे बघितलं. "विरजण कुणाचं हो?" नरसम्मांचे डोळे भरले. "मॅडमचंच की वो. दिल्यापासून एक दिवस मोडलं न्हाई आमी." काकींचा हात ताटात थांबला. घास गिळलेला होता, परत येणार नव्हता. आणि मग त्यांनी काय करावं? सवयीप्रमाणे वाटीत बोट घालून तळाचं दही निपटायला लागल्या! मी वाटी ओढून घेतली, अशी की काकींचं बोट हवेत राहिलं.

वाटीत चमचाभर उरलं होतं. नरसम्मांच्या घरून कपभर दूध आणवलं, बोट बुडवता येईल इतकं कोमट करूनच, सट सुका पुसला आणि ते दही त्यात मुरवलं. काकींचं बोट लागलेलं आहे, हे मला दिसत होतं, त्या बोटावर काय काय असेल हेही वन्संमुळे चांगलंच माहीत होतं, अंगावर काटा येत होता. काकी म्हणाल्या, "आगं, सुतकात विरजण लावत्यात व्हय?" "लावतात," मी म्हटलं. "जिवाणूंना सुतक कळत नाही." आमचे हे कोपऱ्यात बसले होते. इतक्या तासांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली.

आता दिवसकार्य होऊन गेलं, काकी जेऊरला गेल्या. जाताना डब्यात थोडं दही मागून घेतलं त्यांनी, सकाळच्या वेळी, बघून-सवरून. मी दिलं. पाणी आलं की मी अजूनही पिंपात खांद्यापर्यंत हात घालते आणि शी शी म्हणत बुळबुळ खरवडते. गच्चीवरची खोली अजून उघडून आवरायला धजले नाही, तिथल्या बशांत काय वाढून बसलं असेल कुणास ठाऊक. पण सटात खंड पडलेला नाही. विरजण लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी गेले होते, झाकण काढलं, आधी वास घेतला, मग सट हळूच तिरका केला. दही जागचं हललं नाही. घरात काकी, पाहुणे, सगळे झोपेतून उठत होते. मी जिन्याकडे तोंड केलं आणि गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "वन्सं, लागलं होऽऽ!"