ठकूचं भाषण मी वाचलं

ठकू गेल्याचं तिच्या मुलाने, तुकारामने, फोनवर सांगितलं. "मावशी, आई गेली सकाळी. तुमाला कळवायचं म्हनून आधीच सांगून ठेवलं हुतं तिनं." त्याला आता महिना होऊन गेला. मधल्या काळात आमच्या हायस्कूलने तिच्यासाठी शोकसभा घेतली. फळ्यावर रंगीत खडूने 'शाळेचा अभिमान' असं लिहिलं होतं, फोटोला हार होता, आणि वर्गमैत्रीण म्हणून बोलायला मला बोलावलं होतं. मी जे बोलले ते तिथे कुणाला फारसं रुचलं नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे. मुळशीतल्या त्या शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तसं वागणारी ती एकटीच शाळा नव्हती, आणि एकीचं नाव लिहिलं की बाकीच्या सुटतात.

ठकू रिह्याच्या खोऱ्याला लागून असलेल्या डोंगरावरच्या धनगरवाड्यातली. साठ सालच्या आसपास आम्ही अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होतो. वर्गात मुली दोनच, ती आणि मी. माझं घर शाळेच्या समोर, वडिलांचं किराणा दुकान आणि आई पुण्याची, त्यामुळे घरात 'आहे' आणि 'नाही' असंच बोललं जायचं. ठकू म्हशींच्या धारा काढून, दोन तास डोंगर उतरून यायची. पावसाळ्यात ओढा भरला की वरून वळसा घालावा लागे. आमच्या शाळेची एक परंपरा होती आणि तिचं सगळ्या खोऱ्यात कौतुक होतं. अकराची घंटा झाली की शिपाई फाटक लावायचा, आणि प्रार्थना, सुविचार, बातम्या, पहिला तास हे सगळं उरकेपर्यंत ते उघडायचं नाही. ठकू डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बाहेर उभी राहायची. पहिला तास गणिताचा. तो बुडाला की मधल्या सुट्टीत ती माझी वही मागून घ्यायची आणि डबा न खाता उतरवून काढायची. शिस्त म्हणजे शिस्त, असं हेडमास्तर म्हणत. पुण्याहून येणारी एस.टी. उशिरा आली की एका शिक्षकांसाठी तेच फाटक मुकाट्याने उघडायचं. मला तेव्हा यात काही वावगं वाटत नव्हतं. घंटा सुरू झाल्यावर घरातून निघाले तरी मी वेळेत पोचत असे.

दुसरी परंपरा निरोप समारंभाची. प्रीलिमला जो पहिला येईल त्याने अकरावीतर्फे भाषण करायचं, आणि त्याचं नाव हॉलमधल्या काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने लिहायचं. त्या वर्षी ठकू पहिली आली. मी दुसरी, आणि तेही बऱ्याच गुणांनी मागे. हेडमास्तरांनी तिला भाषण लिहून आणायला सांगितलं. तिने चार पानं लिहिली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि मोठ्याने वाचून दाखव म्हणाले. काही कामासाठी मला तिथे बोलावलं होतं, म्हणून हे सगळं मी समोर ऐकलं. ठकूने कागदावर 'आहे' लिहिलं होतं, पण वाचताना तोंडातून 'हाय' येत होतं. दुसऱ्या पानावर त्यांनी तिला थांबवलं. रागाने नाही, अगदी मायेने थांबवलं, आणि त्या मायेचाच मला आज जास्त संताप येतो. ते म्हणाले, "लिहिलं आहेस उत्तम. पण पुण्याहून पाहुण्या बाई येणार आहेत. शाळेचं हसं होईल, ठकू. हेच भाषण कुसुम वाचेल."

ठकूने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सर, समदं वाचंल ना ती?" एवढंच विचारलं. हेडमास्तर हो म्हणाले, आणि ती गेल्यावर तांबड्या पेन्सिलीने त्यांनी शेवटच्या पानावरची दोन वाक्यं खोडली. खोडलेली असली तरी मला ती वाचता येत होती, आजही पाठ आहेत... 'माझी धाकटी बहीण हौसा जूनपासून या शाळेत येणार आहे. घंटा झाल्यावर फाटक लावण्याआधी एकदा डोंगराकडे बघावे आणि कोणी उतरत असेल तर थांबावे.' चार पानांत तिने शाळेकडे मागितलं ते फक्त एवढंच.

समारंभाला मी आईची रेशमी साडी नेसले. ठकू पुढच्या रांगेत जमिनीवर बसली होती. त्या वाक्यांपाशी आले तेव्हा तिने मान वर केली. मला ती म्हणता आली असती. फार तर हेडमास्तर रागावले असते. मी पान उलटलं. टाळ्या खूप पडल्या. पाहुण्या बाई पुण्यात मुलींचं ट्रेनिंग कॉलेज चालवत होत्या. इतकं सुंदर कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी गप्प उभी राहिले. जूनमध्ये मी बाईंच्या वसतिगृहात होते आणि फळीवर माझं नाव होतं. आपण फसवतो आहोत हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

हौसा त्या जूनमध्ये शाळेत आली. आषाढात ती जितके दिवस शाळेत बसली, त्याहून जास्त दिवस फाटकाबाहेर उभी होती. दिवाळीनंतर आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

हे मला ठकूनेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, मी एकदाची तिच्या घरी जायचं धाडस केलं तेव्हा. मी भाषणाबद्दल माफी मागायला लागले तर तिने हात वर केला. "भाषनाचं न्हाई गं काय. तू झ्याक वाचलंस. फळीवरचं नावबी ऱ्हाऊ दे तुजं. पर ती दोन वाक्यं तू म्हनायला पायजे हुतीस. हौसी शिकली असती." मग चहा टाकायला उठली. ती मला कधी माफ केलं असं म्हणाली नाही, आणि त्यानंतर मी दरवर्षी जात राहिले तरी तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

तोवर ती वाड्यातल्या पोरांना घरातच शिकवायला लागली होती. पुढे तिथे सरकारी शाळा झाली, तेव्हा ट्रेनिंग झालेले मास्तर बाहेरून आले. ठकूला शाळा झाडायचं काम देऊ केलं. मॅट्रिक पास झालेल्या, गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे असलेल्या बाईला केरसुणी! तिने नको म्हटलं आणि शाळा सुटल्यावर पोरांना घरी शिकवत राहिली. शोकसभेत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा अध्यक्षांनी 'आठवणींना उजाळा दिल्याबद्दल' माझे आभार मानले. फळीवरचं माझं नाव पुसून तिचं लिहा म्हटलं, तर विषय कमिटीपुढे ठेवू म्हणाले.

तिथून मी तडक धनगरवाड्यावर गेले. तुकाराम ओसरीत होता. आतल्या खोलीची एक भिंत ठकूने काजळी घोटून काळी करून घेतली होती, तिच्यावर तिचं शेवटचं लिहिणं तसंच होतं. डावीकडे 'घरात', उजवीकडे 'पुस्तकात'. घरात हाय, पुस्तकात आहे. घरात न्हाई, पुस्तकात नाही. घरात हितं, पुस्तकात इथे. आणि खाली, मोठ्या अक्षरांत, 'दोन्ही बरोबर'. मी तीस वर्षं शिक्षिका होते. 'हाय' म्हणणाऱ्या किती मुलांना मी भर वर्गात उभं करून सुधारलं, त्याची गणती नाही... तेही मायेनेच.

दिवाळीआधी घराला चुना काढायचाय, पण ही भिंत सोडून, असं तुकाराम म्हणाला. पोरं अजून येतात म्हणाला. मी थांबले. चारच्या सुमारास सहा-सात पोरं आली, चपला बाहेर काढून भिंतीसमोर बसली, आणि कुणी न सांगता पाट्यांवर उतरवून घ्यायला लागली.