सात नंबरचा बिल्ला

आमच्या सावली गावात बेसबॉल खेळतात असं सांगितलं की पुण्याकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तुमच्याकडे? जंगलात?" हो बाप्पा, जंगलात! सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी जागा राखीव असतात आणि क्रिकेटच्या सर्टिफिकेटासाठी अख्खा महाराष्ट्र रांगेत उभा असतो. बेसबॉलची रांग आखूड. हे आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना फार वर्षांपूर्वी कळलं आणि गावातली पोट्टी धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बॅट घेऊन उतरली. माझा धाकटा भाऊ बेसबॉलच्या जोरावर फौजेत गेला. मी जिल्ह्यापर्यंत गेले, पण राखीव खेळाडू म्हणून. चार दिवस बाकावर बसून सगळ्यांना पाणी पाजलं आणि परत आले. नंतर मास्तरीण झाले, ती अभ्यासाच्या जोरावर, हे इथे ठासून सांगते.

आमच्या लीगमध्ये संघ दोनच. एक सावली, एक माजरी. आम्ही धानवाले, ते कोळसा खाणीतले. दर उन्हाळ्यात तीन म्याच, दोन जिंकेल त्याचा कप. आणि आम्ही व्यावसायिक खेळाडू बरं का, फुकट खेळत नाही. राइस मिलवाले भाऊ एका म्याचला माणशी दोन पायल्या तांदूळ देतात. माजरीवाल्यांना त्यांचा ठेकेदार ट्रॅकसूट देतो. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, ट्रॅकसूट! ते बिचारे घालतातही.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं. बांधीला एका बाजूला उतार, त्यामुळे चेंडू कुठेही मारा, शेवटी तळ्याकडेच जातो. कोंडा भरलेले चार बारदाने म्हणजे चार बेस. आई दर वर्षी छत्री घेऊन शेवटच्या बारदान्याजवळ बसते आणि दर वर्षी विचारते, "हा खेळ हाय तरी काय?" सुट्टीवर आलेला माझा भाऊ दर वर्षी सांगतो, "इथून निघाचं, त्या तिघाईले शिवाचं अन् इथीच परत याचं. आला का एक रन." आई म्हणते, "मंग निघतेच कायले?"

माजरीचा कप्तान खाणीत सरदार आहे, म्हणजे खाली उतरणाऱ्या माणसांची जबाबदारी त्याच्यावर. तो प्रत्येक म्याचला एक लाकडी फळी घेऊन येतो. फळीवर अठरा खिळे, खिळ्यांना अठरा पत्र्याचे बिल्ले, प्रत्येकावर नंबर. खेळायला उतरताना आपला बिल्ला खिशात घालायचा, बाहेर आलं की आपल्या हातानं परत लावायचा. खाणीत हीच रीत. खिळा रिकामा दिसला तर माणूस अजून आत आहे असं समजायचं आणि शोधायला निघायचं. आम्ही त्याला किती चिडवलं! "भाऊ, बांधीत कोण गाडल्या जाते?" तो तंबाखू मळत म्हणायचा, "सवय आहे म्याडम. गिनती नाई झाली तर जेवन जात नाई."

त्या वर्षी पहिली म्याच माजरीनं मारली. दुसरीला भाऊ सुट्टीवर आलेला, त्यानं असे काही चेंडू फेकले की माजरीवाले हवेत बॅटा फिरवून फिरवून थकले. एक-एक. तिसरीला आठ दिवस होते. आणि सीमेवर लढाई सुरू झाली.

भाऊ पायरीवर बसून बूट पुसत होता, तेव्हा फोन आला. सुट्टी रद्द. तासाभरात बॅग भरून झाली. बल्लारशाला गाडी धरायची होती. निघताना त्यानं सात नंबरची बनियन माझ्या अंगावर फेकली.

"ताई, माह्या जागेवर तू खेळजो."

"भैताड झाला का बे? शेचाळीस वर्षांची आहे मी. माझे गुडघे जिना चढताना रडतात."

"एक रन काढ फक्त. अन् मले फोन कर. मी वाट पाह्यतो."

आई म्हणाली, "तू तिकडं सांभाळून राह्यजो, रन गेली चुलीत." तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशीपासून त्याचा फोन बंद. टीव्हीवर तर चोवीस तास ढणढण. आई टीव्ही लावायची आणि आवाज बंद करून बसायची. मला एकच कळत होतं. कधीतरी त्याचा फोन लागेल, आणि तेव्हा माझ्याकडे सांगायला एक रन पाहिजे.

तिसऱ्या म्याचचे संघ काय वर्णावे! आमची धावणारी पोट्टी सगळी बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली. क्याचर म्हणून पिठाच्या चक्कीवाले भाऊ आले. ते एकदा खाली बसले की उठवायला दोघं लागत, आणि तेच दोघं मैदानात असत, म्हणून प्रत्येक चेंडूनंतर म्याच थांबे. माजरीकडे वेगळीच तऱ्हा. लढाईत वीज पाहिजे, विजेला कोळसा पाहिजे, म्हणून त्यांचे जवान सगळे डबल पाळीवर. मग रिटायर झालेले आले. त्यांच्यातल्या तिघांना मिळून चार दात असतील! त्यातला एक फर्स्ट बेसच्या बारदान्यावर बसूनच खेळला. त्याला हरकत घेतली तर म्हणाला, "बेसले चिकटूनच राहाचं असते ना?"

हसून हसून पुरेवाट झाली. चेंडू कोणाला पकडता येईना, त्यामुळे रनांचा पाऊस. शेवटच्या डावात माजरी बारा, सावली अकरा. आमचे दोन बाद. आणि बॅटिंगला कोण? मी. मी फळीवरून गुपचूप भावाचा सात नंबरचा बिल्ला उचलून खिशात घातला होता. कप्तान तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना टोप्या घालण्यात गुंतला होता.

पहिले दोन चेंडू मी पाहिलेच नाहीत. तिसऱ्याला डोळे मिटले आणि बॅट फिरवली. टक्! चेंडू लागला होता! लागला म्हणजे काय, पिचरच्या पायापर्यंत लोळत गेला. त्यानं वाकून उचलून फर्स्टला फेकला की मी बाद. आणि नेमका त्याच क्षणी भोंगा वाजला.

लढाईमुळे गावात एका छतावर नवा भोंगा बसवला होता. तो कधीतरी वाजवून पाहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कधी ते कोणालाच नाही. आता माजरीच्या माणसाला भोंग्याचा अर्थ एकच. सुरुंग उडणार. इतक्या वर्षांची सवय! पिचरनं चेंडू टाकला, बाकीच्यांनी हातमोजे टाकले आणि नऊच्या नऊ जण न बोलता, न ढकलता, धुऱ्यामागे, बांधाच्या आडोशाला, जाऊन डोकं झाकून पालथे पडले. बसून खेळणारा तर सगळ्यांत आधी पोचला. आमच्या लोकांची सवय दुसरी. इकडे धोका म्हणजे वाघ, आणि वाघापुढे पळायचं नसतं. सगळे एका जागी गोळा झाले, पाठीला पाठ लावली आणि ताटल्या-डबे बडवत "हाऽऽ हाऽऽ" करून ओरडायला लागले. अंपायर टेबलाखाली गेला.

आणि मी पळत होते. मला वाटलं हा आरडाओरडा माझ्यासाठीच! फर्स्ट, सेकंड, थर्ड. गुडघे रडत होते, रडू दे. मैदानात माणूस नाही, याचाही अर्थ मी लावला नाही. शेवटच्या बारदान्यावर दोन्ही पायांनी उडी मारली आणि आईच्या छत्रीत जाऊन पडले. भोंगा थांबला. आई जागची हललेली नव्हती. म्हणाली, "कोनाचं लगन होय वं?"

बारा-बारा! मी नाचले. बांधीत, सगळ्या गावासमोर, माझ्या वर्गातल्या मुलांसमोर फुगडी घातली, तीही एकटीनं.

तिकडे कप्तान उठला, अंगावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता फळीकडे गेला. भोंग्यानंतर आधी गिनती. "एक?" "हाजिर." "दोन?" "हाजिर." एकेक जण येऊन बिल्ला लावत होता. "सात?"

"हाजिर!" मी ओरडले आणि बिल्ला काढला. त्यानं माझा हात धरला नाही, पण फळीपुढे उभा राहिला.

"हा तुमचा नाई म्याडम. ज्याचा बिल्ला त्यानंच लावाचा. सात नंबर कुठी आहे?"

"कुठे म्हणजे? लढाईवर. तुम्हाला माहीत नाही?"

"मंग एक खिळा रिकामा आहे," तो म्हणाला. "मानूस बाहेर आल्याबिगर आमच्यात काम सुरू होत नाई. खेळ बंद."

माझं डोकं असं तापलं म्हणता! मी म्हटलं, तुमचे लोक मैदान सोडून पळाले, त्यात माझी काय चूक? अंपायर म्हणाला, मी टेबलाखाली होतो, मी काही पाहिलं नाही. साक्षीला एकटी आई, आणि ती सांगत होती, "आली ना बाप्पा, माह्या पायावरच पडली." मी कप्तानाला नाही नाही ते बोलले. रडीचा डाव म्हटलं, डरपोक म्हटलं. मग माझा आवाज फुटला आणि मी भर बांधीत हमसाहमशी रडले, ते रनसाठी नव्हतंच. इतक्या दिवसांचं साचलं होतं.

तो हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, बिल्ला तुमच्यापाशी ठेवा. तो आला का मले बलवा. जिथं थांबलो तिथून खेळू."

दोन दिवसांनी तिकडे गोळीबार थांबला आणि भावाचा फोन लागला. आईला नमस्कार नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "रन निघाली का वं ताई?"

"निघाली रे, पण मोजली नाई."

सगळी हकिकत ऐकून तो इतका हसला की मागून कोणी तरी त्याला ओरडलं. जिवंत आहे, हसतोय, अजून काय पाहिजे? पण आईचं तेवढ्यानं भागेना. बोलतो म्हणजे काय, डोळ्यांनी पाहिला का? मग पाऊस आला, बांधीत रोवणी झाली, मैदानावर धान उभा राहिला. दोनदा सुट्टी मिळाली, दोनदा रद्द झाली. दुसऱ्यांदा आईनं केलेले अनारसे आम्ही दोघींनीच संपवले. बिल्ला देव्हाऱ्यात होता. आई त्यालाही कुंकू लावायची.

धान कापून झाला आणि तो आला. काळा पडलेला, वाळलेला, पण आला. मी कप्तानाला फोन केला. तो माजरीहून तेच म्हातारे, तीच फळी आणि तेच ट्रॅकसूट घेऊन आला. थंडीत तरी ते शोभले. चक्कीवाल्या भाऊंना दोघांनी धरून धुऱ्यावर बसवलं. माजरी बारा, सावली अकरा, दोन बाद. भावानं बिल्ला खिशात घातला आणि बॅट घेतली.

पहिल्याच चेंडूला असा हाणला की तो तळ्याच्या पाळीपर्यंत गेला. मी थर्डजवळ उभी राहून बोंबलत होते, "जाऽऽ! थांबू नको, जाऽऽ!" तो वळला. तिकडून कप्तानानं चेंडू उचलला. मला वाटलं, सोडून देईल, फौजी आहे, दया करेल. कसली दया! असा फेकला की थेट त्यांच्या क्याचरच्या हातात. भाऊ घसरत आला आणि बारदान्यापासून वीतभर अलीकडे बाद झाला. कप माजरीचा. दोन्हीकडचे लोक खो-खो हसायला लागले. भाऊ मातीत पडल्या पडल्या सगळ्यांत जोरात हसत होता.

आईनं विचारलं, "हारला का जितला?"

"हारलो, आई."

कपाकडे कोणी बघेचना. कप्तान फळीपाशी जाऊन उभा होता. "एक?" "हाजिर." "दोन?" "हाजिर." सगळे रांगेत येऊन आपापला बिल्ला लावत होते. "सात?"

भाऊ तसाच माती भरलेला उठला, फळीशी गेला, बिल्ला लावला आणि परेडमध्ये ओरडावं तसा ओरडला, "हाजिर!"

कप्तानानं अठरापर्यंत गिनती नेली, रिकामा खिळा कुठे राहिला का हे बोट फिरवून पाहिलं आणि खिशातली तंबाखूची पुडी काढली. मला समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. आईनं माझा पदर ओढला.

"काय म्हनला वं तो?"

"हाजिर म्हणाला, आई."

"मले ऐकू नाई आलं," आई म्हणाली. तिला सगळं ऐकू आलं होतं. "त्याले सांग, परत एकदा म्हन."